इथे थांबलो

सोमवारी दुपारी विभागातल्या टपालाच्या खणातून माझा प्रबंध परत आला. एकसष्टाव्या पानावर समासात पेन्सिलीने दोनच शब्द होते, "इथे थांबलो", आणि खाली तारीख. मी तिथेच जिन्यात उभ्या उभ्या पानं मिटली आणि डोळेही मिटले. एकसष्ट! परत एकसष्ट! मागच्या वर्षीही सर याच पानावर थांबले होते, त्याच्या मागच्या वर्षीही. आणि आता शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता माझी नोंदणी रद्द होणार होती. अकरा वर्षं घासल्यावर शुक्रवारनंतर मी डॉक्टर तर नाहीच, साधी विद्यार्थिनीही उरणार नव्हते.

सरांची पद्धत सांगते, म्हणजे मी अशी तिरसट का झाले ते कळेल. सर, म्हणजे माझे मार्गदर्शक, प्रबंध पहिल्या पानापासून वाचायला घेतात आणि पहिली चूक सापडली की वाचन बंद. समासात "इथे थांबलो" लिहायचं आणि गठ्ठा परत. चूक कोणती, ते सांगायचं नाही. "मी सांगितली तर ती माझी होते, तू शोधलीस तर तुझी होते," असं त्यांनी मला पहिल्याच भेटीत सुनावलं होतं. तेव्हा मला ते फार थोर वाटलं होतं. तेव्हा मी एकतीस वर्षांची होते आणि मला काहीही थोर वाटायचं.

विषयही मीच हौसेने घेतला: प्राचीन अथेन्सच्या न्यायालयातलं पाणघड्याळ. तिथे वकील नसत. वादी-प्रतिवादी स्वतःच उभे राहून बोलायचे, आणि बोलायला प्रत्येकाला मोजून पाणी मिळायचं. वरच्या मडक्याच्या भोकातून खालच्या मडक्यात धार पडत असायची, धार संपली की तोंड बंद. पाण्यावर बसणारा माणूससुद्धा चिठ्ठ्या टाकून निवडत. आमच्या विद्यापीठातल्या नेमणुकाही तशाच होत असाव्यात असा मला दाट संशय आहे. तर दोनशे चाळीस पानं मी त्या धारेवर लिहिली, आणि इकडे माझं स्वतःचं मडकं रिकामं होत आलं होतं.

प्रबंध काखेत मारून मी तशीच नोंदणी विभागात गेले. तिथले हेडक्लार्क म्हणजे एक वल्ली. प्रत्येक कागदाला "त्रुटी" अशी गुलाबी चिठ्ठी टाचल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही, म्हणून सगळे त्यांना त्रुटीकाका म्हणतात. तोंडावर नाही, अर्थात.

"काका, मुदतवाढ," मी म्हणाले.

"तीनदा दिली. चौथी नाही." त्यांनी मानही वर केली नाही. तारखेचा शिक्का फडक्याने पुसत होते. "पण बाई, तुम्ही कागद आत तर येऊ द्या. त्रुटी निघाली तर त्रुटीचं पुढे बघू."

"माझ्या कागदात त्रुटी नसते," मी म्हणाले. "असती तर अकरा वर्षं कशाला लागली असती?"

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि परत शिक्का पुसायला लागले. मी तणतणत बाहेर पडले.

मंगळवार सगळा एकसष्टाव्या पानात गेला. त्या पानावर आहे काय? वर पाच ओळी मूळ ग्रीक, ग्रीक लिपीतच, खाली त्यांचं भाषांतर आणि खाली माझं विवेचन. मी शब्द न् शब्द तपासला. संदर्भ पाहिले. तळटीपा पाहिल्या. याच पानावर मी आधी दोनदा चूक "शोधली" होती आणि सुधारली होती. आता सुधारायला काही उरलंच नव्हतं. बुधवारी दुपारी मी वही भिरकावली ती थेट नवऱ्याच्या प्लास्टरच्या बादलीत जाऊन पडली.

माझा नवरा कवळ्या बनवतो. दाताच्या डॉक्टरांकडून जबड्यांचे ठसे येतात, हा घरात मागच्या खोलीत बसून प्लास्टर ओततो, मेण लावतो, दात बसवतो आणि चार दिवसांत माणसाच्या तोंडात हसू घालून मोकळा होतो. त्याने चिमट्याने वही बाहेर काढली.

"अगं, मला एक सांग. कवळी टोचते असं पेशंट म्हणाला तर मी विचारतो, कुठे टोचते? तुझ्या सरांना तू विचारत का नाहीस?"

"विचारायचं नसतं!"

"का?"

"पद्धत आहे तशी!"

"मग टोचू दे," तो म्हणाला आणि परत कवळीचे दात घासायला लागला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आग कोणावर काढू? मी माळ्यावरून सगळ्या प्रती खाली काढल्या. अकरा वर्षांच्या चौदा. मी एकही फेकलेली नाही. फेकणं आमच्या धंद्यात पाप आहे. जुन्या ग्रंथांचं मूळ कुठे राहिलंय? नकलांच्या नकला हाती येतात. त्या शेजारी शेजारी लावायच्या, कुठे काय बदललं ते बघायचं आणि त्यावरून ओळखायचं की नकलणारा कोण होता, कुठे पेंगला, काय कळलं नाही म्हणून काय गाळलं. हे काम मला झोपेतही येतं. फक्त स्वतःच्या प्रबंधावर करावं असं अकरा वर्षांत सुचलं नव्हतं. काय म्हणावं या अकलेला!

नवऱ्याच्या टेबलावरचे जबडे बाजूला सारून मी चौदा प्रती ओळीने मांडल्या. पहिल्या आठ वर्षांतल्या नऊ प्रती: सर थांबले चौथ्या पानावर, मग एकोणीस, तेहतीस, सत्तेचाळीस, अठ्ठ्याऐंशी, असे करत करत एकशेबारापर्यंत. म्हणजे गाडी पुढे जात होती. शब्दाखाली बारीक रेघ, समासात दोन शब्द. मागच्या तीन वर्षांतल्या पाच प्रती: एकसष्ट, तेवीस, एकसष्ट, नऊ, एकसष्ट. शब्दाखाली रेघ नाहीच.

तेवीस आणि नऊ का? मी पानं उघडली. एकदा मी एक ग्रीक उतारा तेवीसवर घातला होता, मग काढला, नंतर तोच नऊवर घातला आणि शेवटी पुन्हा काढून टाकला. ग्रीक जिथे जाईल तिथे सर थांबत होते.

आणि मग ते अक्षर. सर पेन्सिलीने लिहिताना शब्दावर शिरोरेघ ओढत नाहीत, घाईत असतात. शेवटच्या पाच प्रतींत "इथे थांबलो"वर रेघ होती. सरळ, नेटकी, पट्टी लावून ओढावी तशी. तीन वर्षं ते अक्षर माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मला दिसलं नाही, कारण मी चूक शोधत होते, अक्षराकडे कोण बघतंय!

मला एकदम त्या जुन्या लॅटिन नकलनविसांची आठवण झाली. लॅटिन उतरवता उतरवता मधेच ग्रीक आलं की ते बिचारे तिथे जागा कोरी सोडायचे. येत नव्हतं ना. माझा प्रबंध वाचणाऱ्यालाही ग्रीक येत नव्हतं. म्हणजे वाचणारे सर नव्हतेच! तीन वर्षं माझं आयुष्य कुणा ऐऱ्यागैऱ्याच्या हातात देऊन सर खुशाल घरी बसले होते, आणि मी इकडे त्याच्या समासातल्या खुणा उराशी धरून चुका शोधत बसले होते! मी इतक्या मोठ्याने ओरडले की एक जबडा टेबलावरून पडून फुटला.

"तो उद्या द्यायचा होता," नवरा शांतपणे म्हणाला.

गुरुवारी सकाळी मी सरांच्या घरी धडकले. विद्यार्थ्यांनी घरी यायचं नाही हा सरांचा दुसरा नियम. निवृत्त झाल्यापासून तर गठ्ठे विभागात ठेवायचे आणि तिथूनच न्यायचे. खड्ड्यात गेला नियम. तिसऱ्या मजल्यावर काकूंनी दार उघडलं. सरांच्या मिसेस, आयुष्यभर पोस्टाच्या खिडकीमागे काम केलेल्या, ठेंगण्या, चटपटीत. त्यांच्या अंबाड्यात पेन्सिल खोचलेली होती.

मी त्या पेन्सिलीकडे बघितलं. काकूंनी माझ्याकडे बघितलं. त्यांचा हात आपोआप अंबाड्याकडे गेला.

आतल्या खोलीत सर खिडकीशी खुर्चीत बसले होते. घोटून दाढी केलेली, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली. त्यांनी मान वळवून सरळ माझ्याकडे पाहिलं.

"कोण आलंय?" त्यांनी विचारलं.

मी दोन हातांवर उभी होते. काकूंनी ओठांवर बोट ठेवलं. "इस्त्रीवाली," त्या मोठ्याने म्हणाल्या आणि माझा हात धरून मला स्वयंपाकघरात नेलं.

"साडेतीन वर्षं झाली," काकू हळू आवाजात म्हणाल्या. "समोरचं गेलं. कडेकडेचं धूसर दिसतं, म्हणून घरात वावरतात. वाचता येत नाही. मीच वाचून दाखवते, रोज वीस पानं. माझा घसा बसतो गं. आणि मग तुझी ती मुंग्यांची रांग येते. मी थांबते. म्हणतात, काय झालं? मी म्हणते, पुढे ते तुमच्या लिपीत आहे. मी म्हटलं, गाळते आणि पुढचं वाचते. तर म्हणाले, मूळ न वाचता पुढे जाणारा मी कसला मार्गदर्शक! लिही, इथे थांबलो."

"म्हणजे एकसष्टावर चूक नव्हती?"

"मला काय ठाऊक?"

"काकू, मी ते पान दोनदा बदललंय! रडून रडून बदललंय! त्यांनी मला एकदा बोलावलं असतं तर मी येऊन वाचलं नसतं का?"

"तेच तर." काकूंनी ओट्यावरचं फडकं उगाच घडी करून ठेवलं. "एकदा बोलावलं की कळणार. कळलं की मार्गदर्शकाची मान्यता जाणार. तू शेवटची आहेस. बाकीचे केव्हाच पास होऊन गेले. तुझा गठ्ठा येणार म्हटलं की ते सकाळी दाढी करतात. नाही तर नाही करत."

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही, पण रागाच्या खाली कुठेतरी. एका माणसाने दाढी करावी म्हणून मी चाळिशी ओलांडली! असं म्हणणं क्रूर आहे, पण तेव्हा माझ्या मनात हेच आलं आणि मी ते लपवणार नाही.

काकूंनी ते ओळखलं असावं. त्या म्हणाल्या, "तुझा तो सहीचा कागद आणलायस का? इकडे दे. हयातीचा दाखला पाठवायचाय, त्याच्या खाली ठेवते. मी बोट ठेवते तिथे ते सही करतात. उद्या सकाळी येऊन घेऊन जा. मीही दमलेय गं वाचून."

कागदावर छापलं होतं: "हा प्रबंध मी संपूर्ण वाचला असून तो सादर करण्यास योग्य आहे." मी तो पिशवीतून काढला आणि काकूंच्या हातात दिला. हो, दिला. जिना उतरताना मला इतकं हलकं वाटत होतं की मी दोन दोन पायऱ्या एकदम उतरले.

घरी सांगितलं. नवरा म्हणाला, "सुटलीस बाई." माझी लेक नऊ वर्षांची आहे, म्हणजे प्रबंधापेक्षा दोन वर्षांनी लहान. ती चित्र रंगवत होती. मान वर न करता तिने विचारलं, "मग त्यांनी शेवटी वाचला का?"

"सही होणार आहे."

"पण वाचला का?"

मी तिला गृहपाठ करायला सांगितलं. ती म्हणाली, झालाय. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

शुक्रवारी साडेआठला मी परत तिसऱ्या मजल्यावर. काकूंनी दारातच कागद माझ्या हातात कोंबला. सही झालेली होती. तिरकी, वर चढत गेलेली, "संपूर्ण" या शब्दावरून थेट पलीकडे गेलेली.

"जा आता पटकन," काकू कुजबुजल्या.

मी कागद घडी करून पिशवीत टाकला, चपला काढल्या आणि आत गेले. काकू "अगं, अगं" करत मागे आल्या.

"सर, मी आहे. एकसष्टावं पान वाचून दाखवायचंय."

सरांचा चेहरा कडक झाला. "घरी यायचं नसतं. आणि ते पान मी वाचलंय." त्यांनी मांडीवर चाचपून पेन्सिल उचलली. ती उलटी धरली होती.

"हो सर. तरी ऐका."

मी समोर स्टूल ओढून बसले आणि ग्रीक वाचायला लागले. पाच ओळी. दुसऱ्या ओळीला सरांचे ओठ हलायला लागले. चौथीला ते माझ्या पुढे गेले होते. मग मी भाषांतर वाचलं, की कारकून कायदा वाचून दाखवत असतानाही पाण्याची धार चालूच राहते.

"थांब," सर म्हणाले. "हे काय लिहिलंयस? धार चालू राहते? कारकून कागद वाचत असेल तेव्हा भोक बुजवतात, पाणी थांबवतात! तो वेळ बोलणाऱ्याच्या वाट्यातून जात नाही. तुझ्या जुन्या प्रतींत हे बरोबर होतं. मला पाठ आहे ते वाक्य."

झालं. माझा बांध फुटला.

"बरोबर होतं ना? मग तिथे थांबलात कशाला? तुम्ही थांबलात म्हणून मी चूक शोधली! पहिल्यांदा क्रियापद बदललं. दुसऱ्यांदा वाटलं, मोठ्या खटल्यांत अख्खा दिवसच मोजून दिलेला असतो, तिथे पाणी थांबत नाही, तेच इथे असेल, म्हणून सगळा अर्थच उलटा केला! बरोबर असलेलं मी माझ्या हाताने चूक केलं, सर, कारण तुम्हाला दिसत नव्हतं आणि तुम्ही ते सांगितलं नाहीत!"

काकू दारात तोंडावर पदर धरून उभ्या होत्या. खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं आणि ती सुरू होत नव्हती.

"हिने सांगितलं?" सरांनी विचारलं.

"नाही. प्रती लावून बघितल्या."

"किती?"

"चौदा."

"कशावरून ओळखलंस?"

"खूण ग्रीकबरोबर हलते. आणि तुम्ही शब्दावर रेघ ओढत नाही."

सरांनी मान हलवली. तोंडी परीक्षेत उत्तर बरोबर आलं की हलवायचे तशीच. मग पेन्सिल खाली ठेवली. "वाक्य पहिल्यासारखं कर," ते म्हणाले, "आणि पुढे वाच."

अकरा वर्षांत सर चुकीच्या पुढे गेले ही पहिली वेळ. मी आधी वाक्य दुरुस्त केलं आणि मग डोळे पुसले, कारण शाई फिसकटली असती.

पहिली साठ पानं काकूंच्या तोंडून त्यांना पाठ झालीच होती. राहिली एकशे ऐंशी. मी वाचत सुटले. पान चौऱ्याहत्तर, "तळटीप तपास, चल पुढे." नव्वद, "हे वाक्य दोनदा आलंय, चल." एकशे एकतीसवर त्यांनी मला तासभर धारेवर धरलं आणि बाराचे एक वाजले. एकशे साठवर ते एकदम म्हणाले, "हे चांगलंय," आणि मी चुकून तीच ओळ परत वाचली. काकू गरम पाणी आणून देत होत्या. पिशवीत तो सही केलेला कागद होता आणि दर वीस मिनिटांनी मला तो आठवत होता. दोनच्या सुमाराला माझा आवाज बसला. साडेतीनला आम्ही एकशे अठ्ठ्याण्णवावर होतो आणि विद्यापीठ टॅक्सीने तासाभरावर होतं.

"सर, होत नाही हो," मी घोगऱ्या आवाजात म्हणाले. "पाच वाजतील."

"बूट," सर काकूंना म्हणाले. "टॅक्सीत वाचेल ती."

टॅक्सीत मी वाचलं. मागे आम्ही तिघं दाटीवाटीने, पानं काकूंच्या मांडीवर. प्रबंधात आता अथेन्समधल्या एका मुनिमाने मालकावर घातलेला खटला चालू होता. सिग्नलला ड्रायव्हरने मागे वळून विचारलं, "मग मॅडम, कोण जिंकलं शेवटी?"

अकरा वर्षांत पुढे काय झालं असं विचारणारा हा पहिला माणूस.

"निकाल हरवलाय," सर म्हणाले. "भाषणंच राहिली आहेत."

"ह्या!" ड्रायव्हर म्हणाला. "मग काय उपयोग?" आणि जोरात हॉर्न वाजवला. मला त्याचं शंभर टक्के पटलं.

पाचला दहा कमी असताना आम्ही नोंदणी विभागाच्या खिडकीपाशी पोचलो. मी दोनशे सत्ताविसाव्या पानावर होते. तेरा पानं राहिली होती. त्रुटीकाका टेबल आवरत होते. मी प्रबंध खिडकीतून आत सरकवला. त्यांनी पानं चाळली, मुखपृष्ठ बघितलं आणि मागे उलटलं.

"मार्गदर्शकांची सही?"

माझा हात पिशवीत गेला. कागद बोटांना लागला. मी तो अर्धा वर ओढला. तिरकी सही दिसली, "संपूर्ण"वरून चढून गेलेली. शेजारी सर खिडकीची कड घट्ट धरून उभे होते आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून नम्रपणे मान झुकवत होते. त्यांना वाटत होतं, तिथे त्रुटीकाका आहेत.

मी कागद खाली ढकलला.

"सही नाही अजून," मी म्हणाले.

"मग त्रुटी लागणार," त्रुटीकाका म्हणाले आणि गुलाबी चिठ्ठ्यांचं पॅड ओढलं. "आवक आजची घेतो. त्रुटीपूर्तीला सात दिवस."

"म्हणजे नोंदणी रद्द?"

"कशाने? कागद आत आला की. त्रुटी निघाली की मुदत तिथे थांबते. पूर्तता होईपर्यंत मोजत नाहीत. सोमवारी तेच सांगत होतो, पण तुम्ही ऐकून घेता कुठे! माझ्या कागदात त्रुटी नसते म्हणे."

मला त्या माणसाला मिठी मारावी की खिडकीतून बाहेर ओढावं हे कळेना. निर्दोष, निर्दोष म्हणत मी अकरा वर्षं जीव काढला होता. मुदत कशी थांबते यावर दोनशे चाळीस पानं लिहिली होती. आणि ती याच खिडकीत गुलाबी चिठ्ठीने थांबत होती!

"त्रुटीचं कारण काय लिहू?" त्रुटीकाकांनी विचारलं. "रकाना आहे."

"लिहा, मार्गदर्शक आजारी..."

"आजारी नाही," सर कॅलेंडरला म्हणाले. "लिहा, मार्गदर्शकाला दिसत नाही. वाचन चालू आहे."

त्रुटीकाकांचं पेन थांबलं. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग सरांकडे, मग सर जिकडे बघत होते त्या कॅलेंडरकडे. तीस वर्षांची ओळख होती त्यांची.

"सर," ते हळूच म्हणाले, "हे लिहिलं तर पुढच्या बैठकीत तुमची मान्यता जाईल."

"पुढची बैठक महिन्याने आहे. हिला सात दिवस पुरतील."

काकूंनी सरांचा कोपर धरला. त्रुटीकाकांनी लिहिलं, नेहमीपेक्षा सावकाश, आणि तारखेचा शिक्का उचलून अलगद ठेवला. खिडकीतून मला पोच दिली, वर प्रबंधही परत दिला. "वाचायला लागेल ना," ते म्हणाले. "सोमवारी आणा."

बाहेर व्हरांड्यात बाकडं होतं. मी पिशवीतला कागद काढला, चार तुकडे केले आणि बाकड्याशेजारच्या डब्यात टाकले. काकूंनी बघितलं आणि तोंड दुसरीकडे फिरवलं. आवाजावरून सरांनी मान वळवली.

"काय फाडलंस?"

"चुकीचं पान होतं, सर."

"बरं." ते बाकड्यावर बसले, हात चाचपत माझ्यासाठी जागा केली आणि शर्टाची वरची गुंडी काढली. "कुठे थांबलो होतो आपण?"